पुण्य एकाचें, रविवार सर्वांचे

परोपकारासाठीं कोणी शेंकडों मैल सायकल हांकली, तर वर्तमानपत्रांत त्याचें छायाचित्र येतें. त्या दिवसांत त्याच्या घरीं मुलांकडे कोणीं पाहिलें, हें मात्र कोठें छापून येत नाहीं. २०२४ सालीं एप्रिलपासून ऑगस्टपर्यंत आमचा मुक्काम अमेरिकेंत, बोस्टन शहराजवळ, आमच्या पुतण्याकडे होता. तेथें ही न छापली जाणारी बाजू आम्हांस पाहावयास मिळाली.

त्या मॅसॅच्युसेट्स राज्यांत ऑगस्टच्या आरंभीं ‘पॅन-मॅस चॅलेंज’ नांवाची एक सायकलयात्रा निघते. बिली स्टार नांवाच्या गृहस्थांनीं १९८० सालीं ३६ स्वारांनिशीं ती सुरू केली. त्यांची आई १९७४ सालीं कर्करोगानें वारली होती. पहिल्या वर्षीं दहा हजार डॉलरांहून थोडी अधिक रक्कम जमली. २०२४ सालापर्यंतची बेरीज १०० कोटी डॉलरांच्या वर गेली आहे. हा पैसा बोस्टनच्या डेना-फार्बर कर्करोग संस्थेस मिळतो. ही संस्था डॉ. सिडनी फार्बर यांनीं १९४७ सालीं मुलांच्या कर्करोगासाठीं स्थापिली. ज्या अमिनोप्टेरिन औषधानें रक्ताच्या कर्करोगानें पीडलेल्या मुलांस, तात्पुरता कां होईना, गुण येतो असें त्यांनीं १९४८ सालीं जाहीर केलें, तें ज्या प्रयोगशाळेंत तयार झालें तेथील संशोधनाचे प्रमुख आपले भीमावरमचे डॉ. येल्लाप्रगडा सुब्बराव होते. आपल्याकडे ही गोष्ट थोड्यांसच ठाऊक असेल.

स्टरब्रिजहून निघून प्रॉव्हिन्सटाउनच्या समुद्रकांठीं पोहोंचावयाचें, दोन दिवसांत सुमारें ३०० किलोमीटर; मध्यें एक रात्र बोर्न गांवच्या नाविक विद्यालयांत काढावयाची. प्रत्येक स्वारानें कांहीं हजार डॉलर जमविण्याचें वचन द्यावयाचें आणि कमी पडल्यास स्वतःच्या खिशांतून भरावयाचे, असा तेथील नियम.

आमच्या पुतण्यानें त्या वर्षीं प्रथमच नांव दिलें होतें. त्याची आई, म्हणजे आमच्या वहिनी, याच रोगानें गेल्या. एप्रिल लागतांच तो दर रविवारीं पहांटे पांचाला बाहेर पडूं लागला. एक वाजतां परत यावयाचें, पैलवानासारखें जेवावयाचें आणि चारपर्यंत झोंपावयाचें. सूनबाई आठवड्याचे पांच दिवस नोकरी करतात. त्यांना रविवार तेवढा मोकळा. ‘पुण्य याचें आणि धुणें माझें’ असें त्या हंसत म्हणत. मे महिन्यांत त्यांचें हंसणें थांबलें. सहा वर्षांच्या धाकट्यानें एकदां आम्हांस विचारलें, ‘आजोबा, बाबा रविवारीं कोठें राहतो?’

थोरली मुलगी बारा वर्षांची. मेमध्यें एका रविवारीं दुपारीं तिच्या व्हायोलिनवादनाचा कार्यक्रम होता. बाप पोहोंचला तेव्हां खुर्च्या आवरल्या जात होत्या. वाटेंत चाक पंक्चर झालें होतें, हें खरें. मुलगी कांहींच बोलली नाहीं. स्वयंपाकघरांत वर्गणीदारांचा तक्ता लावला होता. त्यांत पहिलें नांव तिचें होतें, खाऊच्या पैशांतून दहा डॉलर. रात्रीं आम्ही पाणी घेण्यास गेलों, तों तें नांव तिनें खोडून टाकलेलें दिसलें.

मग व्हावयाचें तें भांडण झालें. आम्ही शेजारच्या खोलींत पुस्तक उघडून बसलों होतों. पान मात्र उलटलें नाहीं. मी हें आईसाठीं करतों आहें, असें तो म्हणाला. आईंना यांतलें किती आवडलें असतें, असें सूनबाईंनीं विचारलें. त्यावर त्याच्याकडून उत्तर आलें नाहीं. वहिनींच्या शेवटच्या दुखण्यांत तो अमेरिकेंतच होता आणि येऊन पोहोंचला तो त्या गेल्यावर. हें आम्हांस ठाऊक होतें, आणि त्याची सायकल खरोखर कोठें चालली आहे हें सूनबाईंसही ठाऊक असावें. म्हणूनच त्यांनीं यात्रा सोडून दे असें एकदांही म्हटलें नाहीं.

ही गोष्ट कांहीं परदेशांतलीच नव्हे. अण्णासाहेब कर्व्यांचें कार्य आपण सर्वच वंदितों. पण त्या कार्याची झळ घराला कशी लागली, हें समजण्यास आनंदीबाईंचें ‘माझें पुराण’च वाचावें लागतें. आणि त्याच आनंदीबाई आश्रमासाठीं वर्गणी मागत फिरल्या, हेंही विसरतां येत नाहीं.

दुसऱ्या दिवशीं सूनबाईंनीं कागद पेन्सिल घेऊन आठवडा नव्यानें मांडला. सरावाला दोन दिवस कामावर जाण्यापूर्वींची पहांट आणि एक आड एक शनिवार. रविवारीं नऊच्या आंत घरीं. सायकलीचे कपडे ज्याचे त्यानें धुवावे. वर्गणीचीं पत्रें आपण लिहूं, असेंही त्यांनीं सांगितलें. पैसे मागणें आपल्या लोकांस जड जातें; पुतण्यानें जीं पत्रें धाडलीं होतीं, त्यांत संस्थेची माहिती भरपूर आणि मागणें शेवटच्या ओळींत चोरून. सूनबाईंनीं सासूबाईंविषयीं चार ओळी लिहिल्या आणि सरळ रक्कम मागितली. दोन आठवड्यांत वचन पुरें झालें. नवा आठवडाही नेहमींच पाळला गेला असें नाहीं. जुलैंत दोनदां तो मोडला. पण मोडतांना विचारून मोडला.

यात्रेच्या दुसऱ्या दिवशीं आम्ही सर्व मोटारीनें प्रॉव्हिन्सटाउनला गेलों. तो आला तेव्हां पाय थरथरत होते. उतरून आधीं खालीं बसला. उपचार घेणाऱ्या मुलांचीं मोठीं चित्रें मार्गावर लावलेलीं होतीं, त्यांविषयीं तो मुलांना सांगूं लागला आणि मध्येंच थांबला. थोरलीनें पाण्याची बाटली उघडून त्याच्या हातीं दिली.

पुढच्या रविवारीं पहांटे पांचाला धाकटा उठला, सायकल जागेवर आहे कीं नाहीं तें पाहून आला आणि पुन्हा निजला. थोरलीचें खोडलेलें नांव आम्ही निघेपर्यंत तक्त्यावर तसेंच होतें. त्याच्याखालीं, निराळ्या शाईनें, आजीच्या नांवावर दहा डॉलर मांडलेले होते. अक्षर कोणाचें, हें आम्हीं विचारलें नाहीं.