ऊसतोड मजुरांच्या मुलांची शिक्षण-मदत आणि आपण



दसरा उलटला की सिद्धेश्वर धरणाच्या कालव्याखालील आपल्या फडांत टोळ्या उतरतात. गाडीवर भांडीकुंडी, कोयते आणि वर बसलेली पोरं. हंगाम संपेतो त्यांचं घर म्हणजे पाचटाची कोपी. गावातल्या दाराला कुलूप. अशा पोरांच्या शाळेच्या मदतीला कात्री लागली तर काय होतं, ते समजून घेऊ.

पहिली ते आठवी शिक्षण फुकट, मग पैसा कशाला, असं कोणीही विचारील. सरकारनेही हेच कारण दिले. शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू आहे, या आधारावर केंद्राने अल्पसंख्याक मुलांची मॅट्रिकपूर्व शिष्यवृत्ती २०२२-२३ पासून नववी-दहावीपुरतीच ठेवली. दुसरी कात्री न दिसणारी. १९९२ साली राज्याने दुर्बल घटकांतील पहिली ते चौथीच्या मुलींना हजेरीचा रोज एक रुपया भत्ता सुरू केला. पुढे तीस वर्षे भाव वाढत गेले, रुपया मात्र रुपयाच राहिला.

फी नसली तरी खर्च असतोच. नवरा-बायको मिळून एक कोयता. दोघं फडात गेल्यावर गावी पोराला जेवू कोण घालणार? म्हणून हंगामी वसतिगृह ही खरी मदत. पोर आजीजवळ, आपल्याच शाळेत राहतं आणि सकाळ-संध्याकाळ जेवण मिळतं. पण हे अनुदान पाण्याच्या पाळीसारखं वेळेवर यावं लागतं. दिवाळीनंतर आलं तर तोवर पोर गाडीवर बसून गेलेलं असतं. हजेरी तुटली की भत्ताही तुटतो. थोरली मुलगी कोपीवर धाकट्याला सांभाळते, अभ्यासात मागे पडते, आणि एक दिवस तिच्याच हाती कोयता येतो.

यात आपला संबंध काय? गोपीनाथ मुंडे ऊसतोड कामगार कल्याण महामंडळासाठी कारखान्यांनी गाळपाच्या टनामागे १० रुपये द्यायचे आणि तितकेच शासनाने घालायचे, अशी योजना आहे. संत भगवानबाबा वसतिगृह योजनेत २०२१ साली ४१ तालुक्यांसाठी ८२ वसतिगृहे मंजूर झाली. म्हणजे आपल्या प्रत्येक टनात त्या पोरांचा वाटा आहे.

तेव्हा दोन कामे करावीत. टोळी आली की मुकादमाला विचारावे, शाळेच्या वयाची पोरं किती? मूळ शाळेचे शिक्षण हमी पत्रक असेल तर ते घेऊन, नसेल तर तसेच, त्यांना जवळच्या जिल्हा परिषद शाळेत पोचवावे. दाखला नाही म्हणून शाळेला प्रवेश नाकारता येत नाही.

दुसरे, वार्षिक सभेत उतारा का घटला हे आपण विचारतोच. टनामागचे ते १० रुपये भरले का, हेही विचारावे.