आई-बाबांच्या फोनला अपडेट किती वर्षं?

पनवेलमध्ये दिवाळीच्या सुमारास घरातले तीन-चार फोन एकदम बदलायचे ठरतात, आणि दुकानात चर्चा होते कॅमेरा आणि रॅमची. माझ्या मते पहिला प्रश्न हवा, सुरक्षा अपडेट कोणत्या वर्षापर्यंत? गूगलने 2023 मध्ये पिक्सेल 8 ला सात वर्षांचं आश्वासन दिलं, सॅमसंगने 2024 मध्ये एस24 ला तेवढंच. त्यासाठी महागडाच फोन हवा असं मुळीच नाही. सॅमसंगच्याच 2024 अखेरीच्या ए16 5जी ला सहा वर्षं आहेत. मात्र ही मुदत मॉडेल बाजारात आल्यापासून मोजतात, तुमच्या बिलाच्या तारखेपासून नाही. त्यामुळे सेलमधलं जुनं मॉडेल कितीही स्वस्त दिसलं, तरी किमतीला उरलेल्या वर्षांनी भागून बघाच.

‘आई-बाबांना व्हॉट्सॲपपुरता कुठलाही चालेल’ हे मला पटत नाही. यूपीआय आणि बँकेचे ओटीपी त्याच फोनवर येतात, आणि ज्येष्ठ मंडळी फोन सहसा चटकन बदलत नाहीत. म्हणजे सर्वांत लांब मुदतीचा फोन त्यांनाच द्यायला हवा. बॅटरी इतकी वर्षं टिकत नाही, हा आक्षेप रास्त आहे. पण ती कंपनीच्या सेवा केंद्रात बदलून मिळते. तो खर्च खरेदीआधीच विचारून हिशेबात धरा.