रिव्हर्स डीएनएस: स्पॅमची चाळणी किती बारीक ठेवायची?

विषय थोडा तांत्रिक आहे, पण थेट गल्ल्याशी जोडलेला आहे.

मागे एकदा शाळा उघडायच्या आधी मी वह्यांच्या दरपत्रकाची वाट बघत होतो. पुरवठादाराचा फोन आला, "भाऊ, तीनदा मेल टाकला, परत येतोय." चूक माझीच होती. दुकानाचा मेल सर्व्हर मी स्वतः चालवायचो. स्पॅमला कंटाळून रिव्हर्स डीएनएसचा सगळ्यात कडक नियम लावला होता. स्पॅम कमी झाला आणि पुरवठादारही दाराबाहेर राहिला. दर उशिरा कळले, माल महाग पडला.

आता हे रिव्हर्स डीएनएस म्हणजे काय? साधं डीएनएस नावावरून आयपी नंबर सांगतं, हे उलटं नंबरवरून नाव सांगतं. त्या नोंदीला पीटीआर रेकॉर्ड म्हणतात. मेलवर "प्रेषक" म्हणून कोणीही काहीही लिहू शकतो, पण ज्या सर्व्हरवरून जोडणी आली त्याचा आयपी लपवणं अवघड असतं.

समजा खामगावच्या मार्केट यार्डात एक अनोळखी माणूस आला. म्हणतो, मी अकोल्याच्या अमुक अडत दुकानाचा. तुम्ही आधी त्याचा नंबर कोणाच्या नावावर आहे ते बघता. मग त्या दुकानात फोन लावता: हा नंबर तुमचाच का? मेल सर्व्हरही हेच करतो. आयपीवरून नाव काढतो, मग त्या नावावरून पुन्हा आयपी काढतो. दोन्ही जुळले तर ठीक.

याचा उपयोग होतो, कारण पुष्कळ स्पॅम व्हायरस लागलेल्या घरगुती कॉम्प्युटरवरून येतो. तिथे पीटीआर नसतो, किंवा नावातच आयपीचे आकडे घातलेले असतात. पण स्पॅमवाला स्वतःचा सर्व्हर घेऊन पीटीआर नीट लावूही शकतो. म्हणजे हे चारित्र्याचं प्रमाणपत्र नव्हे!

माझा पुरवठादार प्रामाणिक होता, फक्त होस्टिंग बदलल्यावर त्याचं नाव जुन्याच आयपीकडे बोट दाखवत होतं. पोस्टफिक्समध्ये यासाठी दोन वेगळे नियम आहेत. एक सौम्य: पीटीआर अजिबातच नसेल तर नकार. दुसरा कडक: नाव आणि आयपी जुळले नाहीत तरी नकार. मी कडक लावला, वर नकाराचा कोडही बदलला. मूळ कोड ४५० असतो, म्हणजे "नंतर परत ये". मी ५५० केला, म्हणजे "येऊच नको". तुम्ही असं करू नका. आधी "वॉर्न_इफ_रिजेक्ट" लावा. त्यात मेल अडत नाही, कोण अडलं असतं एवढी लॉगमध्ये नोंद होते. दोन-तीन आठवडे लॉग वाचा. आता मी सौम्य नियम ठेवलाय, न जुळणाऱ्यांना स्पॅम फिल्टरमध्ये फक्त थोडे जास्त गुण देतो.

आता उलट बाजू: तुमचं कोटेशन समोरच्याला पोचतं का? फेब्रुवारी २०२४ पासून जीमेलने सगळ्याच पाठवणाऱ्यांसाठी नियम कडक केले. पाठवणाऱ्या आयपीला पीटीआर हवा, नाव आणि आयपी जुळायला हवेत, शिवाय एसपीएफ किंवा डीकेआयएम हवं. तुम्ही गूगल वर्कस्पेस किंवा झोहोवरून मेल पाठवत असाल तर पीटीआर त्यांची जबाबदारी. स्वतःचा व्हीपीएस असेल, किंवा वेबसाइटचा फॉर्म तिथूनच मेल टाकत असेल, तर तुमची.

इथेच बहुतेकजण अडकतात. डोमेन जिथून घेतलं तिथल्या पॅनलमध्ये पीटीआर टाकतात आणि काहीच होत नाही. होणारही नाही, कारण नंबर डोमेनवाल्याचा नाही. आयपी ज्याचा, पीटीआर त्याच्याकडे, म्हणजे होस्टिंग कंपनीकडे किंवा इंटरनेट देणाऱ्याकडे. व्हीपीएसच्या पॅनलमध्ये "रिव्हर्स डीएनएस" शोधा, नसेल तर तिकीट टाका. मेल सर्व्हरचं पूर्ण नाव द्या, आणि त्या नावाचा ए रेकॉर्ड त्याच आयपीकडे आहे ना, ते बघा. हा ए रेकॉर्ड मात्र डोमेनच्या पॅनलमध्येच.

तपासायला विंडोजच्या कमांड प्रॉम्प्टमध्ये "एनएसलुकअप" इंग्रजीत लिहून पुढे आयपी टाका. आलेलं नाव तसंच परत तपासा. नवीन नोंद दिसायला कधी काही तास लागतात, तोवर महत्त्वाचं कोटेशन व्हॉट्सॲपवरही पाठवून ठेवा.