घरच्या प्रयोगशाळेत १० मेगाहर्ट्झचा ठोका

आपल्यापैकी काहींच्या घरी माळ्यावर किंवा गॅलरीच्या कोपऱ्यात इलेक्ट्रॉनिक्सची छोटी प्रयोगशाळा थाटलेली असते. जुन्या बाजारातून आणलेला ऑसिलोस्कोप, एक सिग्नल जनरेटर, एक फ्रिक्वेन्सी काउंटर. अशा टेबलावर एक भांडण हमखास होते. जनरेटरवर १० मेगाहर्ट्झ, म्हणजे सेकंदाला १ कोटी आवर्तने लावावीत, तर काउंटर दाखवतो १,००,००,०६०. मग खरे कोण?

बहुधा दोघेही थोडे थोडे चुकत असतात. प्रत्येक यंत्राच्या पोटात आपापला क्वार्ट्झ स्फटिक असतो आणि तो उन्हाळ्यात एक बोलतो, थंडीत दुसरे. जुना झाला की आणखी सरकतो. मनगटी घड्याळातही असाच स्फटिक असतो. घड्याळ दिवसाला १ सेकंद चुकले तर आपण त्याला चांगलेच म्हणतो. पण दिवसाचे ८६,४०० सेकंद. तेवढीच चूक १० मेगाहर्ट्झमध्ये जवळजवळ ११६ हर्ट्झ होते.

एवढ्याशा चुकीने काय बिघडते, असे पालक विचारतील. हौशी रेडिओवाल्यांचे, म्हणजे हॅम मंडळींचे उदाहरण घ्या. नोव्हेंबर २०१८ मध्ये कतारचा एस्हेलसॅट-२ उपग्रह अवकाशात गेला. त्यावर हॅमसाठी खास यंत्रणा आहे; तिला क्यूओ-१०० म्हणतात. आपल्याकडून तो पश्चिमेच्या आकाशात एकाच जागी असतो आणि साध्या डिश अँटेनाने ऐकू येतो. (ऐकण्याचे सांगतो आहे, बोलायचे तर सरकारी परवाना लागतो.) त्याचे संकेत सुमारे १०,४९० मेगाहर्ट्झवर येतात. डिशच्या तोंडाशी असलेला एलएनबी त्यातून ९,७५० मेगाहर्ट्झ वजा करून उरलेले खाली पाठवतो. हे ९,७५० त्याच्यातल्या स्फटिकाच्या कंपनांना कितीतरी पटींनी वाढवून मिळवलेले असते. स्फटिक दहा लाखांत एक इतका जरी चुकला, तरी येथे चूक ९,७५० हर्ट्झ होते. एका माणसाच्या बोलण्याला त्या पट्ट्यात तीनएक हजार हर्ट्झची जागा पुरते. म्हणजे आपण ज्याला शोधतो तो तीन घरे पलीकडे बोलत असतो, आणि गच्चीवर ऊन चढले की तो आणखी पुढे सरकतो.

यावर उपाय म्हणजे सगळ्या यंत्रांना एकाच घड्याळावर आणणे. चांगल्या काउंटरच्या आणि जनरेटरच्या मागे त्यासाठी १० मेगाहर्ट्झ बाहेरून देण्याचे एक बीएनसी सॉकेट असते. बरेच जण ते आयुष्यभर उघडून पाहत नाहीत.

घड्याळ कोठून आणायचे? जीपीएसच्या प्रत्येक उपग्रहात अणुघड्याळे असतात. आपला ‘नाविक’ही तसाच, २९ मे २०२३ रोजी सोडलेल्या एनव्हीएस-०१ उपग्रहात तर अहमदाबादच्या स्पेस ॲप्लिकेशन्स सेंटरने तयार केलेले देशी रुबिडियम घड्याळ आहे. खिडकीतल्या अँटेनाला या उपग्रहांकडून दर सेकंदाला एक ठोका मिळतो. एकेक ठोका अब्जांश सेकंदांनी मागेपुढे होतो, परंतु दिवसभराची सरासरी अचूक असते. उबदार डबीत ठेवलेल्या क्वार्ट्झचे नेमके उलटे: क्षणाक्षणाला स्थिर, महिन्यांच्या हिशेबात भरकटणारा. या दोघांची जोडी लावून दिली की १० मेगाहर्ट्झचा उत्तम ठोका मिळतो. पूर्वी आपण रेडिओच्या बातम्यांआधीच्या टोल्यांवर घरचे घड्याळ लावत असू, तसेच हे. मात्र वीज गेली की डबी थंड पडते आणि पुन्हा स्थिर व्हायला बराच वेळ घेते. म्हणून हे यंत्र यूपीएसवर ठेवावे.

आता खरा गुंता. ठोका एक आणि यंत्रे पाच. पहिला मोह होतो टी-जोड लावून तारेला तार जोडत जाण्याचा. परंतु अपार्टमेंटच्या नळासारखे होते: खालच्या मजल्यावर कोणी नळ सोडला की वरची धार करंगळीएवढी. ५० ओहमच्या तारेच्या टोकाला ५० ओहमचाच भार हवा. ५० ओहमची दोन यंत्रे त्याच तारेवर जोडली की भार २५ ओहम होतो, संकेत अर्धवट परततो आणि त्याचा आकार बिघडतो. शिवाय एका यंत्रातला कचरा तारेवरून उलटा दुसऱ्यात शिरतो. केबलवाल्याचा स्प्लिटर थोडा बरा, पण त्यावर लिहिलेली खालची मर्यादा १० मेगाहर्ट्झच्या खाली आहे ना ते पाहावे, आणि चार वाटे केले की प्रत्येकाला जेमतेम चौथा हिस्सा शक्ती मिळते हे ध्यानात ठेवावे.

योग्य मार्ग म्हणजे वितरण ॲम्प्लिफायर: आत एक तोंड, बाहेर पाच-सहा, आणि प्रत्येक तोंडाला स्वतंत्र बफर. मग एका तोंडाची तार तुटो की शॉर्ट होवो, शेजाऱ्याला पत्ता लागत नाही. टीव्ही स्टुडिओतले जुने व्हिडिओ वितरण ॲम्प्लिफायर आता भंगारात स्वस्त मिळतात. ते ७५ ओहमचे असले तरी घरगुती कामाला चालतात. त्यांच्यात १० मेगाहर्ट्झ सहज जातात एवढे मात्र तपासावे.

दुसरा शत्रू ५० हर्ट्झची गुणगुण. प्रत्येक यंत्राचा डबा तीन पिनच्या प्लगमधून अर्थिंगला जोडलेला असतो. त्यातच केबलची जाळी डबे एकमेकांना जोडते आणि कडे पूर्ण होते. त्या कड्यातून घरच्या विजेचा प्रवाह फिरतो आणि ठोका थरथरतो. १० मेगाहर्ट्झवरून ९,७५० गाठताना ही थरथरही ९७५ पटींनी वाढते. यावर काही जण प्लगची अर्थिंगची पिन कापतात. तसे कदापि करू नका. त्यात जीव जाऊ शकतो. प्रत्येक तोंडाशी फेराइटच्या कड्यावर दोन वेगळी वेटोळी घालून छोटा ट्रान्सफॉर्मर करावा आणि केबलची जाळी ॲम्प्लिफायरच्या डब्याला थेट जोडू नये. संकेत चुंबकीय वाटेने पलीकडे जातो, कडे तुटलेले राहते आणि अर्थिंग जागच्या जागी.

सारे जोडून झाल्यावर दोन तोंडे ऑसिलोस्कोपच्या दोन चॅनलवर घ्या आणि ट्रिगर पहिल्यावर ठेवा. दोन्ही लाटा पडद्यावर स्तब्ध उभ्या दिसतील. आता तिसऱ्या तोंडाची केबल उपसा, पुन्हा खोचा. लाट हलली तर बफर कच्चा आहे. नंतर दुसऱ्या चॅनलवरची तार काढून तेथे जनरेटरचे १० मेगाहर्ट्झ लावा. त्याच्या मागचे सॉकेट अजून रिकामेच असू द्या. त्याची लाट एकीकडे सरकू लागेल. ती एक पूर्ण आवर्तन सरकायला १०० सेकंद घेत असेल तर जनरेटर अब्जात एक इतका चुकतो आहे. मग मागच्या सॉकेटात ठोक्याची तार खोचा. जनरेटरने तो पकडला की लाट थांबेल.