नियमाची हद्द : शालेय गणितातील काही गैरसमज

शाळा सोडून पुष्कळ वर्षे लोटल्यावरही अंकगणित आणि भूमिती यांविषयीच्या ज्या चुकीच्या कल्पना सुशिक्षितांच्या मनात ठाण मांडून बसलेल्या आढळतात, त्यांचे मूळ पाहू गेल्यास बहुधा असे दिसते की, लहानपणी एका मर्यादित प्रांतात खरा ठरलेला एखादा नियम पुढे त्याच्या अंमलाबाहेरही बिनदिक्कत चालवला गेलेला असतो.

गैरसमज : गुणाकाराने संख्या वाढते, भागाकाराने घटते.

वस्तुस्थिती : दोनपासून पुढच्या पूर्ण संख्यांच्या पाढ्यांपुरते हे खरे आहे, परंतु ज्या पिढीने दिडकी-अडीचकीबरोबर पावकी आणि निमकीही घोकली होती, तिला आठाची पाव पट दोनच होते हे निराळे शिकवावे लागत नसे. एकाहून लहान अपूर्णांकाने गुणिले असता संख्या घटते आणि भागिले असता वाढते. आठ शेर धान्य अर्ध्या शेराच्या मापाने मोजू लागल्यास मापे सोळा भरतात, म्हणूनच आठास अर्ध्याने भागून उत्तर सोळा येते.

गैरसमज : दशांशचिन्हापुढे अंक जितके अधिक, तितकी संख्या मोठी.

वस्तुस्थिती : ३.२५ ही संख्या ३.४ पेक्षा मोठी मानणारा विद्यार्थी पंचवीस आणि चार यांची तुलना करीत असतो, कारण पूर्ण संख्यांच्या राज्यात अंकांची गणती हीच थोरवीची खूण असते. चिन्हानंतरचे पहिले घर दशांशांचे आणि दुसरे शतांशांचे, त्यामुळे चार दशांश म्हणजे चाळीस शतांश होत. १ एप्रिल १९५७ रोजी आणे-पैचा हिशेब मागे पडून रुपयाचे शंभर नवे पैसे झाले, तेव्हापासून ३.४ रुपये म्हणजे तीन रुपये चाळीस पैसे, हे कळायला गल्ल्यावर बसणारा पोरही पुरतो.

गैरसमज : परिमिती समान असली की क्षेत्रफळही समान.

वस्तुस्थिती : ३३ फूट लांब व ३३ फूट रुंद जमिनीचा तुकडा म्हणजे १०८९ चौरस फूट, अर्थात बरोबर एक गुंठा, त्याच्या कुंपणाला एकपदरी तार लागते १३२ फूट. आता ६० फूट लांब आणि ६ फूट रुंद अशी पट्टी घेतली, तर तार तितकीच लागेल, पण जमीन भरेल अवघी ३६० चौरस फूट, म्हणजे गुंठ्याच्या तिसऱ्या हिश्श्याहूनही किंचित कमी. समान परिमितीच्या सर्व आयतांत चौरसाचेच क्षेत्रफळ सर्वाधिक असते. आणि त्या चौरसाची बाजू दुप्पट करून ६६ फूट केली, तर जमीन दोन नव्हे, चार गुंठे होते.

गैरसमज : चौरस हा आयत नव्हे.

वस्तुस्थिती : आयत ठरण्यास चारही कोन काटकोन असणे एवढेच पुरे, चौरस ही अट पाळतो, म्हणून तो आयतच होय.

गैरसमज : ‘पाय’ची किंमत २२/७ आहे.

वस्तुस्थिती : परिघाचे व्यासाशी असलेले हे गुणोत्तर ३.१४१५९… असे अखंड चालते, आणि कोणत्याही दोन पूर्णांकांच्या भागाकाराने ते तंतोतंत मांडता येत नाही, हे योहान लाम्बेर्ट याने १७६१ साली सिद्ध केले. २२/७ म्हणजे ३.१४२८…; एक मीटर व्यासाच्या चाकाची लोखंडी धाव या हिशेबाने जेमतेम सव्वा मिलिमीटर लांब येते, ज्याची लोहाराला फिकीर नसते. आर्यभटाने ४९९ साली ३.१४१६ ही किंमत देताना ती ‘आसन्न’, म्हणजे जवळपासची, असल्याचे स्पष्ट नोंदवले होते. ज्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी नातू चांगदेव याने मठ स्थापल्याचे चाळीसगावजवळच्या पाटण येथील शिलालेख सांगतो, त्या भास्कराचार्यांनी ११५० च्या सुमारास ‘लीलावती’त ३९२७/१२५० या गुणोत्तरास सूक्ष्म आणि २२/७ यास स्थूल, परंतु व्यवहारास योग्य, असे म्हटले. नियम आणि त्याची हद्द ही दोन्ही त्यांनी एकाच ठिकाणी सांगून ठेवली होती. आपल्या पाठांतरात मात्र २२/७ तेवढे उरले आणि ‘स्थूल’ हा शब्द वाटेत गळाला.