बैलाची सुट्टी ठरवतो कोण?

धायरी २०१७ साली पुणे महानगरपालिकेत आली. त्याआधी ते हवेली तालुक्यातले एक गाव होते. पश्चिमेला मावळाची भातखाचरे, पूर्वेला बाजरी-ज्वारीचा कोरडवाहू पट्टा आणि हे गाव त्या दोहोंच्या सांध्यावर. इथे राहून जुनी-नवी पंचांगे चाळताना मला एक प्रश्न पडत आला आहे: शेतीत विसाव्याचे दिवस ठरवत कोण? काम उरकले की विश्रांती, असे उत्तर सहज सुचते. पंचांग वेगळेच सांगते.

शेतातले काम सूर्याच्या नक्षत्रांवर चालते. सूर्य एका नक्षत्रात साधारण साडेतेरा दिवस असतो, त्यामुळे मृग दरवर्षी ७-८ जूनला आणि हस्त २७ सप्टेंबरच्या आसपास लागतो. मृगाच्या पावसावर बाजरीची पेरणी, पुनर्वसूच्या ‘तरण्या’ आणि पुष्याच्या ‘म्हाताऱ्या’ पावसात भातलावणी, उत्तरा-हस्तात रब्बी ज्वारी. या तारखा फारशा हलत नाहीत.

सण मात्र चंद्राच्या तिथीवर येतात. चांद्रवर्ष सुमारे ११ दिवसांनी लहान. ही तूट साधारण दर तीन वर्षांनी अधिक महिना भरून काढतो. म्हणून सण आणि काम यांची गाठ दरवर्षी वेगळ्या जागी पडते. पुणे जिल्ह्यात बैलपोळा बहुतेक ठिकाणी भाद्रपद अमावास्येला असतो. २०२२ साली ही अमावास्या २५ सप्टेंबरला, म्हणजे हस्त लागण्याआधी आली. २०२३ साली अधिक श्रावण होता. ती १४ ऑक्टोबरला, हस्त संपून चित्रा लागल्यावर आली. फरक १९ दिवसांचा. पहिल्या वर्षी बैल पेरणीच्या ऐन दिवसांत विसावला, दुसऱ्या वर्षी पेरणीचे दिवस सरत आल्यावर. वाफसा निघून चालला असला, तरी त्या दिवशी बैलाच्या मानेवर जू ठेवायचे नाही. आदल्या दिवशी खांदेमळणी करून मान तूप-हळदीने चोळायची.

मला यात महत्त्वाचे वाटते ते हे, की विसावा कामाच्या सोयीने ठरत नव्हता. तिथी मालकाच्या हातात नव्हती, म्हणूनच ‘पेरणी झाल्यावर बघू’ असे म्हणायची त्याला सोय नव्हती. नागपंचमीचेही तसेच: नांगरायचे नाही, खणायचे नाही, घरात काही चिरायचे नाही, तवा चुलीवर ठेवायचा नाही.

पण हा विसावा सगळ्यांना सारखा मिळत नसे. पेरणी उरकली की बैल आणि औत मोकळे होतात. बाईची खुरपणी तेव्हाच सुरू होते. नागपंचमीला तव्याला सुट्टी, पण दिंडे उकडायची तिनेच. पोळ्याला बैल गोठ्यात उभा आणि ती पुरणाच्या घाण्यापाशी. तिच्या पाठीच्या कण्यासाठी पंचांगात तिथी नाही. श्रावणात माहेरी जायला मिळाले, तर तेवढाच तिचा विसावा; तोही सासरने पाठवले तर. जोतीराव फुल्यांनी १८८३ साली लिहिलेल्या ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये दुसरी बाजू मांडली आहे. सण महिन्यामागून महिना शेतकऱ्याच्या पदरातून दक्षिणा कशी काढून नेतात, याचा तो हिशोब आहे. एकच पंचांग बैलाला रजा देई आणि मालकाकडून वसुली करी. दोन्ही नोंदी खऱ्या आहेत.

पुढे तिसरे घड्याळ आले. १८७९ साली खडकवासल्याचे धरण पूर्ण झाले आणि मुठा उजव्या कालव्याच्या खालच्या अंगाच्या जमिनींना पावसाळ्यानंतरही पाणी मिळू लागले. ऊस बारा ते अठरा महिने उभा राहतो. त्याला पाण्याची पाळी येईल तेव्हा, मग ती मध्यरात्र असो की सणाचा दिवस, दारे धरायला जावेच लागते. पाळीचा तक्ता सूर्य पाहत नाही आणि चंद्रही पाहत नाही. कालव्याच्या वरच्या अंगाला शेते पावसाच्या आशेवर राहिली, तशीच त्यांची उन्हाळी उसंतही राहिली. पाणी आले तिथे उत्पन्न वाढले आणि उसंत गेली, हा सौदा कालव्याकाठच्या शेतकऱ्याने समजून-उमजून केला असणार. त्याला नावे ठेवण्याचा अधिकार मला नाही.

आज धायरीत विटा वाहणारा मजूर, रात्रपाळीचा पहारेकरी आणि घरोघरी पार्सल पोचवणारा तरुण, यांची रजा दुसऱ्या कुणाच्या तरी सोयीने ठरते. जुने सण जसेच्या तसे परत आणून त्यांचे काही भले होणार नाही, कारण त्या सणांनी बाईला कधी मोजलेच नव्हते. घेण्याजोगा आहे तो एक नियम: विसाव्याची तारीख आधीच ठरलेली असावी, आणि काम देणाऱ्याला ती पुढे ढकलता येऊ नये.