बर्फावरचा टेकू

क्यूबेकमधल्या वालकूर गावचे जोसेफ-आर्मां बोंबार्दिए पोरसवदा वयापासून बर्फावर चालणाऱ्या गाडीच्या मागे होते. १९३४च्या हिवाळ्यात रस्ते बर्फानं बुजले आणि त्यांचा दोन वर्षांचा मुलगा दवाखान्यापर्यंत पोचू शकला नाही. १९३७ साली त्यांना रबर चढवलेल्या दातेरी चाकाचं आणि पट्ट्याचं पेटंट मिळालं. पुढे बारा माणसांची, गोल खिडक्यांची बी-१२ आली. चाळीसच्या दशकाच्या शेवटी सरकार खेड्यांतले रस्ते हिवाळ्यातही मोकळे करू लागलं आणि मागणी ओसरली. तरी विनिपेग सरोवराच्या बर्फावर मासेमार या गाड्या अजून चालवतात.

मला ओढ लागली ती तिच्या चाकांची. पट्ट्याच्या आत हवेचे टायर असलेली चाकं असतात. त्यातलं एक बसलं की काय करायचं?

जॅक बर्फावर ठेवला तर गाडी वर जाण्याऐवजी जॅकच खाली जातो. पावसाळ्यात शेतात रुतलेल्या ट्रॉलीखाली आपण फळी सारतो, तसं इथंही करतात. पण गाडीचा सांगाडा उचलला तरी स्प्रिंग लोंबत राहते आणि चाक जागचं हलत नाही. अक्षच उचलावा लागतो, आणि तिथं जॅक शिरायला जागा नसते.

यावरची जुन्या कारागिरांची युक्ती मला फार आवडते. कठीण लाकडाचा आखूड टेकू तिरका लावायचा: पाय पट्ट्यावर थोडा पुढे, डोकं अक्षाखाली. मग गाडी वीतभर पुढे घ्यायची. खालचा पट्टा जागीच असतो, अक्ष पुढे सरकतो, टेकू उभा होतो आणि चाक अधांतरी येतं. इंजिनच जॅक होतं, आणि सगळा भार पट्टा बर्फावर पसरवतो.

काळजी वाटते ती पुढच्या दोन बोटांची. टेकू उभ्या रेषेपलीकडे गेला की उलटतो आणि गाडी धाडकन खाली बसते. म्हणून चालवणाऱ्याला खुणा करायला बाहेर दुसरा माणूस हवा, पण त्यानं टेकूच्या रेषेत उभं राहायचं नाही. नट आधीच सैल करून ठेवायचे, कारण अधांतरी चाक नटाबरोबर फिरतं. पट्टाही ढिला करावा लागतो, नाहीतर त्याच्या कडेचे खुंट चाक बाहेर येऊ देत नाहीत. कडाक्याच्या थंडीत तेलाचा जॅक मंदावतो, म्हणून जवळ स्क्रूचा जॅक ठेवलेला बरा. आणि चाक उचललं गेलं तरी अक्षाखाली दुसरा ठोकळा बसेपर्यंत हात आत घालायचा नाही.